कापसाचा पांढरा आणि सार्जंटचा पांढरा

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तू कला शिक्षक पदविका केलीस, घरी कोरडवाहू शेती आहे आणि दोन हंगामांपासून कापूस वेचणीची चित्रं जलरंगात करतेस. तुझा कापूस मळका दिसतो. वरून पांढरा रंग दिला की भिंतीला चुना फासल्यासारखा वाटतो. मोबाइलवर जॉन सिंगर सार्जंटची जलरंगचित्रं पाहिलीस आणि तसं मोकळं काम आपल्याला कधी जमेल असं तुला झालं. हा माणूस कोण, कसा जगला, त्याची शैली नेमकी काय आणि ती आपल्या उन्हात चालेल का, हे तू विचारलंस.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या शाळेत एकतीस वर्षं चित्रकला शिकवली. जलरंगात काम करतोय त्याहून जास्त वर्षं. तुझा प्रश्न वाचला तेव्हा मला माझी आई आठवली. मी तिशीत असताना एका प्रदर्शनासाठी वेचणीचं मोठं चित्र केलं होतं, अंगणात कापसाची गंजी आणि बाजूला बसलेल्या बाया. आईनं ते बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "काऊन रे, हा तं कवडी कापूस दिसते!" आयुष्यभर कापूस वेचलेल्या बाईनं माझी चूक एका शब्दात सांगितली. कवडी कापसाला बाजारात भाव मिळत नाही, कारण तो डागी असतो, पिवळट-करडा पडलेला असतो. माझ्या चित्रातला कापूस तसाच होता. मी सावलीसाठी काळ्यात पांढरा मिसळून करडा रंग केला होता आणि तो सगळ्या गंजीवर पसरला होता. तुझ्या चित्रांचे फोटो पाहिले, तुझंही नेमकं हेच होतंय.

सार्जंट मला या चुकीतून बाहेर काढणारा चित्रकार आहे. म्हणून त्याच्या ब्रशच्या फटकाऱ्यांपेक्षा त्याच्या पांढऱ्याबद्दलच मी जास्त लिहिणार आहे.

आधी त्याचं आयुष्य, कारण शैली त्यातूनच आली. सार्जंटचा जन्म १२ जानेवारी १८५६चा, इटलीतल्या फ्लॉरेन्सचा, पण आई-वडील अमेरिकन. वडील फिलाडेल्फियात डॉक्टर होते. ते काम सोडून हे कुटुंब युरोपात फिरत राहिलं, आज या गावात तर पुढच्या ऋतूत त्या गावात. मुलाचं शाळेत बसून शिक्षण फारसं झालं नाही. आई मेरी स्वतः हौशीनं जलरंगात चित्रं काढायची. मुलाच्या हातात वही तिनंच दिली आणि समोर दिसेल ते काढायला लावलं. धाकटी बहीण एमिलीही जलरंगात काम करायची आणि पुढे आयुष्यभर भावाबरोबर प्रवास करत राहिली. म्हणजे जलरंग त्याच्या घरातच होता. तुझ्या घरात कापूस आहे तसा. मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते, कारण लोक त्याला तैलरंगातल्या व्यक्तिचित्रांचा बादशहा समजतात आणि जलरंग हा त्याचा उतारवयातला विरंगुळा मानतात. तो विरंगुळा नव्हता. जे आधी शिकला, त्याकडेच तो परत आला.

१८७४मध्ये तो पॅरिसला कॅरोलस-ड्युराँच्या चित्रशाळेत दाखल झाला. या गुरूचा आग्रह असा की आधी रेषेनं सगळं आखून मग त्यात रंग भरायचा नाही. ब्रशनं थेट रंगवायचं, छटा बरोबर ओळखायची आणि ती एकदाच, बरोबर जागी ठेवायची. त्याच वर्षी पॅरिसमध्ये मोने, रेनुआ, पिसारो, देगा, मोरिसो या मंडळींनी आपलं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन भरवलं आणि मोनेच्या एका चित्राच्या नावावरून त्यांना 'इम्प्रेशनिस्ट' म्हणायला सुरुवात झाली. सार्जंट तरुण होता, दोन्ही बाजू जवळून पाहत होता. एकीकडे गुरूची शिस्त, दुसरीकडे उन्हात जाऊन प्रकाशच रंगवणारी माणसं.

१८८४मध्ये 'मादाम एक्स' हे त्याचं व्यक्तिचित्र पॅरिसच्या सलोन या मोठ्या प्रदर्शनात लागलं आणि मोठा गदारोळ झाला. दोन वर्षांत तो लंडनला जाऊन स्थिरावला. पण याच सुमारास तो मोनेच्या फार जवळ गेला. १८८५च्या आसपास त्यानं रानाच्या कडेला बसून चित्र काढणाऱ्या मोनेचंच चित्र काढलं. मोनेची चित्रं त्यानं स्वतः विकतही घेतली. आणि १८८५-८६च्या दोन शरदांत इंग्लंडमधल्या ब्रॉडवे नावाच्या खेड्यात 'कार्नेशन, लिली, लिली, रोझ' हे मोठं तैलचित्र केलं. बागेत दोन मुली कागदी कंदील लावताहेत, आणि उजेड आहे सूर्य बुडाल्यानंतरचा, थोडासा जांभळट. तो उजेड रोज काही मिनिटंच टिकायचा. म्हणून सार्जंट रोज तेवढी काही मिनिटंच काम करायचा आणि थांबायचा. दुसऱ्या दिवशी परत तेवढंच. फुलं सुकली तेव्हा नकली फुलं लावून काम पुढे नेलं. 'झटपट काम करणारा चित्रकार' म्हणून ज्याच्याकडे आपण बघतो, त्याचा धीर हा असा होता.

मोनेबरोबरची एक गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगायचो. मोनेनंच नंतर सांगितलेली आहे. गिव्हर्नीला, मोनेच्या गावी, दोघं बाहेर चित्र काढायला गेले. सार्जंटनं मोनेचे रंग घेतले आणि काळा रंग मागितला. मोनेकडे काळा नव्हताच. सार्जंट गोंधळला, म्हणे काळ्याशिवाय मी रंगवू कसा? मोनेनं पुढे असंही म्हटलं की आपण ज्या अर्थानं हा शब्द वापरतो त्या अर्थानं सार्जंट इम्प्रेशनिस्ट नव्हता, त्याच्यावर कॅरोलस-ड्युराँचा प्रभाव फार होता. मला मोनेचं हे म्हणणं बरोबर वाटतं, आणि ते सार्जंटचं कमीपण वाटत नाही. मोनेच्या उशिराच्या चित्रात वस्तू प्रकाशात विरघळते. सार्जंटच्या चित्रात वस्तू विरघळत नाही. भिंत भिंतच राहते, माणूस वजनदार राहतो, पण त्याच्यावरची सावली मात्र मोनेच्या शाळेतली असते, रंगीत असते. आपल्यासारख्या, इंटरमिजिएट परीक्षेच्या वस्तुचित्र-स्मरणचित्रातून घडलेल्या हातांना हा मधला रस्ता जवळचा आहे. रेखाटन सोडायचं नाही, सावली मात्र करडी ठेवायची नाही.

१९०७च्या सुमारास त्यानं व्यक्तिचित्रांची कामं घेणं जवळजवळ बंद केलं. श्रीमंतांची रांग दारात असताना. कुणी फारच गळ घातली तर कोळशानं चेहरा रेखाटून द्यायचा. मोकळ्या झालेल्या वेळात बोस्टनमधली भित्तिचित्रं आणि प्रवासातले जलरंग. व्हेनिस, आल्प्स, स्पेन, मायोर्का, ग्रीसमधलं कॉर्फू बेट. त्याआधी १९०५-०६मध्ये सीरिया-पॅलेस्टाइन. आयुष्यभरात त्यानं दोन हजारांहून जास्त जलरंगचित्रं केली असं मानतात. ती विकायची त्याला घाई नव्हती. १९०९मध्ये न्यूयॉर्कला नोडलर गॅलरीत ८६ चित्रं मांडली तेव्हाही अट होती की विकायची तर सगळी एका संग्रहालयालाच. ब्रुकलिन म्युझियमनं त्यातली ८३ एकदम घेतली, २०,००० डॉलरना. १९१२मध्ये बोस्टनच्या संग्रहालयानं आणखी ४५ घेतली. त्यामुळेच आज ही चित्रं जगभर विखुरलेली नाहीत, दोन ठिकाणी मोठ्या गठ्ठ्यांत आहेत, आणि दोन्ही संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर तुला ती मोठी करून बघता येतात. यूट्यूबवरच्या नकलांपेक्षा तिथे वेळ दे.

शेवटची वर्षं सुखाची नव्हती. त्याची भाची रोझ-मेरी आल्प्समधल्या कितीतरी चित्रांसाठी बसलेली. तिचा नवरा १९१४मध्ये युद्धात गेला आणि मार्च १९१८मध्ये पॅरिसच्या एका चर्चवर जर्मन तोफेचा गोळा पडला त्यात ती गेली. त्याच उन्हाळ्यात सार्जंटला ब्रिटिश सरकारनं युद्धभूमीवर चित्रं काढायला पाठवलं. विषारी वायूनं आंधळे झालेले सैनिक एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून चालले आहेत, हे 'गॅस्ड' नावाचं प्रचंड तैलचित्र तिथून आलं. मधे तापानं आजारी पडून तो लष्करी रुग्णालयाच्या तंबूत होता, तर तिथल्या खाटांच्या रांगेचंही जलरंगात चित्र करून ठेवलं. एप्रिल १९२५मध्ये तो लंडनमध्ये गेला.

आता पांढऱ्याकडे येतो.

'कॉर्फू: लाइट्स अँड शॅडोज' हे १९०९चं चित्र शोध. बोस्टनच्या संग्रहालयात आहे. विषय म्हणशील तर काहीच नाही. चुना दिलेलं एक लहानसं घर आणि त्याच्या भिंतीवर पडलेली झाडाची सावली. आपल्याकडे चुन्यात थोडी नीळ घालून भिंत रंगवतात ना, समोर निंबाचं झाड असतं, अगदी तसं. या चित्रात भिंतीचा उन्हातला भाग म्हणजे जवळजवळ कोरा कागद आहे. सगळं काम सावलीत आहे. सावलीत आकाशाकडे तोंड असलेल्या जागी निळा आहे, पुढे जांभळट होतो आणि खाली, जिथे उन्हातल्या जमिनीचा उजेड उसळून भिंतीवर येतो, तिथे पिवळसर ऊब आहे. करडा कुठेच नाही. त्या सावलीतल्या रंगांमुळे उरलेला कोरा कागद डोळे दिपवतो.

हे फक्त सौंदर्याचं कारण नाही, साधं भौतिक कारण आहे. सावलीत थेट ऊन पोचत नाही, पण उजेड पोचतोच. तो वरून निळ्या आकाशाचा येतो आणि खालून-बाजूनं शेजारच्या वस्तूंवर आपटून येतो. काळ्या गोष्टी हा उसना उजेड गिळून टाकतात. पांढरी गोष्ट तो परत देते. म्हणून पांढऱ्याच्या सावलीत जगातले सगळे रंग दिसतात आणि म्हणून सार्जंट पुन्हा पुन्हा पांढऱ्याकडे गेला. चुन्याच्या भिंती, शिडं, बायकांचे पांढरे झगे, इटलीतल्या कॅराराच्या खाणीतला संगमरवर आणि तो दोरखंडांनी उतरवणारे मजूर. आपल्या विदर्भात या सगळ्याच्या जागी कापूस आहे. वेचणीच्या दिवसांत एका वावरात जेवढा पांढरा असतो तेवढा त्याला कॉर्फूतही मिळाला नसेल.

एक हिशेब मी एकदा मांडून बघितला होता, तो तुला आवडेल. कॉर्फू साधारण साडेएकोणचाळीस अंश अक्षांशावर आहे, यवतमाळ वीस अंशांच्या थोडं वर. सार्जंट तिथे शरदात होता. ऑक्टोबरच्या मध्यात तिथल्या भरदुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण ४२ अंश वर येतो. आपल्याकडे डिसेंबरच्या शेवटी दुपारी तो ४६ अंशांपर्यंत येतो. म्हणजे आपल्या वेचणीच्या दिवसांतलं ऊन, सावल्यांची लांबी, भिंतीवर तिरपा पडणारा उजेड हे सगळं त्याच्या कॉर्फूच्या उन्हाच्या जवळचं आहे. उलट मेच्या तिसऱ्या आठवड्यात आपल्याकडे सूर्य थेट डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. त्या दिवसांत सार्जंटसारखं चित्र शोधू नकोस, सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर बस. कापसाला मात्र दिवसभर वेळ आहे. मला स्वतःला सकाळी नऊ ते साडेदहा आणि दुपारी तीन ते साडेचार हे दोन तुकडे सगळ्यात चांगले वाटतात.

आता तुझ्या मळकट कापसाचं. माझ्या मते त्याची दोन कारणं आहेत.

पहिलं म्हणजे तुझी सावली पुरेशी गडद नाही. तुला माहीत आहे की कापूस पांढरा, म्हणून तू सावलीतही त्याला फिका ठेवतेस. मग उन्हातला आणि सावलीतला कापूस यांत फरकच उरत नाही आणि सगळाच करडा दिसतो. हे करून बघ. एका पुठ्ठ्याला पेन्सिलीच्या जाडीची दोन भोकं पाड, बोटभर अंतरावर. एका भोकातून सावलीतला कापूस दिसेल आणि दुसऱ्यातून उन्हातली वाळलेली काळी माती, असा धर. दोन्हींची गडदता इतकी जवळ येईल की तुला खरं वाटणार नाही. पांढरा कापूस आणि काळी माती! पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी बांधावर बराच वेळ तो पुठ्ठा डोळ्यांपुढे धरून बसलो होतो. सावलीतला कापूस निर्भयपणे गडद कर, म्हणजे उन्हातला कोरा कागद आपोआप कापूस होईल.

दुसरं कारण काळ्याची ट्यूब. ती पेटीतून काढून ठेव, एक हंगाम तरी. आपली जमीनच काळी, म्हणून हात काळ्याकडे जातो, हे मला कळतं. पण पऱ्हाटीखालची, म्हणजे कापसाच्या झाडाखालची माती बघ. ओली असते तिथे गर्द जांभळट-तपकिरी आणि भेगाळून वाळलेली असते तिथे ऊबदार राखी. अल्ट्रामरीन (निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) हे दोनच रंग त्यासाठी पुरे. अल्ट्रामरीन जास्त घातला तर ओली माती, सिएना जास्त तर वाळलेली. हेच दोन रंग भरपूर पाण्यात घेतले आणि त्यात किंचित गुलाबी मिसळला की कापसाची सावली तयार होते. गंजीची वरची सावली निळसर ठेव. खालच्या कडेला, जिथे मातीचा किंवा ताडपत्रीचा उजेड उसळतो, तिथे वॉश (पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा थर) ओला असतानाच ऑकरचा, म्हणजे मातकट पिवळ्याचा थेंब सोड. बाजूला लाल लुगड्यातली बाई बसली असेल तर तिच्या बाजूचा कापूस लालसर झालाच पाहिजे. या रंगांना ब्रशनं घोळू नकोस. कागदावरच एकमेकांत जाऊ दे. एकदा टाकलं की हात मागे. अर्धवट वाळलेल्या वॉशमध्ये पुन्हा ब्रश घातलास की तिथेच कवडी कापूस तयार होतो.

सार्जंटच्या मोकळेपणाचं रहस्य म्हणून लोक फटकारे दाखवतात. मला वाटतं त्याचं रहस्य आधी घेतलेल्या निर्णयात आहे. त्याच्या बऱ्याच जलरंगांखाली पेन्सिलीच्या थोड्या, पण अचूक रेषा दिसतात. मोठ्या आकारांच्या जागा, दाराची कड, माणसाच्या खांद्याचा उतार. कोणता कागद कोरा ठेवायचा, हे ठरलेलं आहे. मग ब्रश मोठा आणि पाणी भरपूर. जलरंग म्हणजे आणीबाणी निभावून नेणं, अशा अर्थाचं त्याचं एक म्हणणं नोंदलेलं आहे. निभावून नेता येतं ते पाया पक्का असलेल्या माणसाला. तुझ्या रेखाटनात बसलेल्या बाईचं वजन अजून जमिनीवर टेकत नाही. रंगाआधी महिनाभर रोज वहीत बसलेली, वाकलेली, कमरेला फडकं बांधून वेचणारी माणसं नुसत्या पेन्सिलीनं काढ. आईला, काकूला बसवायची गरज नाही. त्या काम करत असतानाच काढ. पाच-सहा अर्धवट रेखाटनांतून एक बरोबर पाठ सापडते.

सावलीबद्दल एक सावधगिरी. सूर्य तासाला पंधरा अंश सरकतो. तू गंजीची सावली नऊला सुरू केलीस आणि दहाला पूर्ण केलीस तर तोवर ती वेगळीच झालेली असते. म्हणून बसल्या-बसल्या पहिल्या पाच मिनिटांत सावलीच्या कडा पेन्सिलीनं आखून घे आणि मग समोरची सावली कितीही हलली तरी आखलेली बदलू नकोस. फार बदलली तर चित्र गुंडाळ आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी ये. ब्रॉडवेच्या बागेत सार्जंटनं दोन वर्षं हेच केलं.

आता आपल्या हवेचा भाग. हे परदेशी पुस्तकांत सापडणार नाही. ओल्या कागदावर ओला रंग सोडायच्या सगळ्या युक्त्या दमट हवेत लिहिलेल्या आहेत. आपल्याकडे पावसाळ्यात त्या चालतात, दिवाळीनंतर अवघड होतात आणि एप्रिलमध्ये ब्रश कागदावरून उचलायच्या आत वॉश सुकतो. मी कागद दोन्ही बाजूंनी भिजवतो आणि प्लास्टिकच्या किंवा ॲक्रिलिकच्या जाड शीटवर चिकटवतो, म्हणजे खालून पाणी उडत नाही. वॉशच्या पाण्यात ग्लिसरीनचा एखाद-दुसरा थेंब टाकला तर रंग थोडा जास्त वेळ ओला राहतो. जास्त टाकलास तर चित्र दिवसभर चिकट राहतं आणि वावरातली धूळ त्यावर बसते. पूर्वीचे लोक याचसाठी मध वापरत. मुळात जलरंग बांधतो तो डिंकच, आणि तो ज्या बाभळीच्या कुळातून येतो, त्याच कुळातली आपली धुऱ्यावरची बाभूळ. डिंकाचं पातळ पाणी रंगात घातलं तर रंगाला पारदर्शक चमक येते, सावल्यांच्या गडद भागात ती फार चांगली दिसते.

छत्री घेतल्याशिवाय बसू नकोस. उन्हात रंगवतानाचे सार्जंटचे फोटो आहेत, त्यांत तो छत्र्यांखाली बसलेला दिसतो. कारण आराम नव्हे. पांढऱ्या कागदावर थेट ऊन पडलं की डोळा दिपतो, सगळे रंग उजळ वाटतात आणि तू गडद लावत जातेस. घरी आल्यावर चित्र काळवंडलेलं दिसतं. छत्री काळी किंवा पांढरी असावी. निळी-लाल छत्री आपला रंग कागदावर टाकते. बांबू नाहीतर जाड तुराटी जमिनीत रोवून तिला बांधली की झालं.

वरून पांढरा द्यायचा की नाही? जलरंगात अपारदर्शक पांढरा वापरणं पाप आहे, असं आमच्या पिढीला शिकवलं गेलं. सार्जंटनं तो खुशाल वापरला. मेण घासून कागदाचा पांढरा राखला, वाळलेला रंग पात्यानं खरवडला, स्पंजानं पुसला. जे लागेल ते केलं. माझं मत असं आहे की वापर, पण शेवटी आणि अगदी थोड्या जागी. बोंडातून लोंबणारा कापसाचा तंतू गडद पानावर आला असेल, तो कोऱ्या कागदानं राखणं शक्य नाही, तिथे पांढरा लाव. त्यात पिवळ्याचा कण मिसळ, नाहीतर तो चुन्यासारखा थंड दिसेल. तुझ्या चित्रात तो थंड दिसतो, कारण ती पूर्ण गंजीच तू पांढऱ्यानं रंगवलीस. उन्हातल्या गंजीला रंगच लावू नकोस. दूरच्या ओळींतली फुटलेली बोंडं राखायला साधी मेणबत्ती घे. कागदावर हलक्या हातानं टोक घासत जा आणि वरून पऱ्हाटीचा हिरवा-तपकिरी वॉश फिरव. मेणावर रंग ठरत नाही, बोंडं आपोआप चमकतात, आणि दूरच्या बोंडांना हवी तशी अनियमितही होतात. खरवडायला मात्र जाड कागदच हवा, ३०० जीएसएमचा. साध्या कार्ट्रिज कागदावर पातं लावलंस तर फाटेल. पैसे थोडे असतील तर रंग कमी घे, चार-पाच पुरतात, पण कागद चांगला घे. सरावाला मात्र कार्ट्रिजच वापर, म्हणजे हात घाबरत नाही.

आपल्याकडेही या वाटेनं गेलेले मोठे लोक आहेत, तेही पाहा. सा. ल. हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप' मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. दिवा हातात धरलेली स्त्री, बोटांतून झिरपणारा उजेड, आणि सगळं जलरंगात. तिथेही कोऱ्या कागदाची ऊब आणि भोवतीचा अंधार यांचाच हिशेब आहे. नारायण श्रीधर बेंद्रे इंदूरच्या मुशीतून आले, त्यांच्या निसर्गचित्रांत इम्प्रेशनिस्टांचा प्रकाश आपल्या मातीवर कसा उतरतो ते दिसतं.

सार्जंटवर एक टीका जुनी आहे, रॉजर फ्रायसारख्या समीक्षकानं ती कडकपणे केली होती: कौशल्य अफाट, पण पृष्ठभागाच्या खाली जात नाही. जलरंगांबद्दल मला ती मान्य नाही. त्यातल्या काहींपुढे मी तासन् तास बसलो आहे, छापील प्रतींपुढे का होईना. पण एक गोष्ट खरी आहे. तो प्रवासी होता. कॅराराचे मजूर, वाळवंटातले बेदूईन यांच्याकडे त्यानं बारकाईनं पाहिलं, पण दुसऱ्या दिवशी तो पुढच्या गावाला निघाला. तुला निघायचं नाही. बोंडाच्या टोकानं नखांच्या कडा कशा सोलतात, सकाळच्या दवानं कापूस ओला असेल तर वेचणी उशिरा का सुरू होते, संध्याकाळी काट्यावर गाठोडं ठेवताना बाई किलोच्या आकड्याकडे कशी बघते, हे तुला माहीत आहे. त्याची सावली घे. काय रंगवायचं, ते त्याच्याकडून घेऊ नकोस. पांढऱ्या झग्यांतल्या बाया दुपारी झाडाखाली पहुडलेल्या, हा त्याच्या घरचा विषय होता.

या हंगामात एवढंच कर. पहिल्या वेचणीपासून पंधरा दिवस फक्त कापूस. माणसं नको, बैल नको, बंडी नको. घरातल्या छपरीत टोपलीभर कापूस ठेव, दाराच्या उजेडाला. रोज एक पोस्टकार्डाएवढं चित्र, अर्ध्या तासात, काळ्याशिवाय, पांढऱ्याशिवाय. मग अंगणातली गंजी, सकाळची आणि दुपारची. त्यानंतर माणूस आण. पंधरापैकी तीन बरी झाली तरी भरपूर समज.

झाली की मला पाठव, बिघडलेलीही पाठव, त्यांवरून जास्त सांगता येतं. फोटो काढताना चित्र उन्हात ठेवू नकोस, छपरीच्या सावलीत भिंतीला टेकवून सरळ समोरून काढ आणि शेजारी एक कोरा कागद ठेव. मागच्या वेळच्या तुझ्या दोन फोटोंत कॅमेऱ्यानं उन्हातला पांढरा उडवून टाकला होता, त्यामुळे कुठे कागद राखलास आणि कुठे रंग दिलास हेच मला कळलं नाही.